शंभरपैकी शंभर

३ फेब्रुवारी

आई आज रागावली नाही. हे वाक्य लिहून मी दोनदा वाचलं, कारण माझाच विश्वास बसत नाहीये.

सकाळी तिचा चष्मा माझ्या पायाखाली आला. कडकन आवाज झाला. मी डोळे घट्ट मिटून उभी राहिले, कारण पुढचं सगळं मला पाठ आहे. आंधळी आहेस का, दोन डोळे काय शोभेला दिलेत, आणि तिथून गाडी थेट माझ्या सातवीतल्या गणिताच्या मार्कांवर. पण काहीच आलं नाही. डोळे उघडले तर आई आपली खुर्चीत बसलेली. "असू दे," म्हणाली, "जुना घालीन." नवरा अर्ध्या तोंडाला दाढीचा फेस तसाच ठेवून बाहेर आला आणि आम्हा दोघींकडे बघत राहिला.

ही बाई बत्तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होती. तिच्या आवाजाने पुढच्या थांब्यावरची माणसं सावध व्हायची. बाबा गेल्यावर माझ्याकडे राहायला आली त्याला चार वर्षं झाली. या चार वर्षांत पेपरवाला, इस्त्रीवाला, वरच्या मजल्यावरचे वकील, कोणी तिच्या तोंडाच्या पट्ट्यातून सुटलेलं नाही. मी तर नाहीच नाही.

ही किमया गोट्याची. पुढेमागे कंपनीचा इतिहास लिहायची वेळ आलीच तर नोंद असावी म्हणून सविस्तर लिहिते. गोटा म्हणजे आमचं ध्यानाचं यंत्र, लाकडी, दोन तळव्यांत मावेल एवढं. अंगठा पितळी पट्टीवर ठेवायचा आणि डोळे मिटून बसायचं. तो नाडी मोजतो, श्वास ओळखतो, मन भरकटलं की हलकेच थरथरतो. मन थाऱ्यावर येईल तसा आतला दिवा नारिंगीचा निळा होत जातो आणि शेवटी शंभरपैकी गुण मिळतात. नाडी जितकी संथ आणि एकसारखी, तितके गुण जास्त. हे गणित माझं. विकायचं काम माझ्या भागीदाराचं, ज्याला कॉलेजपासून सगळे सुसाट म्हणतात. याआधी अकरा वर्षं मी लिफ्टचे प्रोग्राम लिहीत होते.

चाचणीसाठी दहा माणसं हवी होती, नऊच मिळाली, म्हणून ११ जानेवारीला दहावा गोटा आईच्या हातात दिला. पहिल्या दिवशी तिला ६२ गुण पडले. काल ९१. मला स्वतःला आजवर ५५ च्या वर मिळालेले नाहीत!

६ फेब्रुवारी

गोटा आईच्या हातात सारखा "हात नीट ठेवा" म्हणायला लागलाय. चाचणीत असं व्हायला नको, म्हणून आज दुपारी आत शिरून बघितलं. दोष माझ्याच नियमाचा निघाला. नाडी मिनिटाला ४५ च्या खाली दिसली तर अंगठा नीट टेकलेला नाही असं समजायचं, ते वाचन फेकून द्यायचं आणि माणसाला टोकायचं, असं मीच लिहून ठेवलंय. आईचं वाचन ४३, ४२ असं येतं. अंगठा मी स्वतः दाबून पाहिला, अगदी नीट होता. म्हणजे यंत्र खोटं नव्हतं, मीच माझ्या आईला कमी लेखलं होतं.

तिच्या गोट्यापुरती मर्यादा ३० वर आणली. लगेच ९३. सुसाटला फोन केला तर तो पलीकडून ओरडलाच, "काकूंनी ऋषीमुनींना मागे टाकलं की गं!"

१० फेब्रुवारी

ताईचा फोन. माझी मोठी बहीण दुसऱ्या गावी असते आणि दर रविवारी आईशी तासभर बोलते. आज सात मिनिटांत आईने फोन माझ्याकडे दिला.

"आईला काय झालंय?" ताईने विचारलं.

"काय व्हायचंय? ध्यान करते."

"अगं, मी तिला सांगितलं की माझ्या सुनेने न विचारता स्वयंपाकघर पाडून नवं बांधायला काढलं. तर म्हणाली, बरं. नुसतं बरं! आपली आई?"

"तुला भांडणच ऐकायचं असेल तर तसं सांग."

"तिचा आवाज खोल गेलाय. डॉक्टरला दाखव एकदा."

ताईच्या पोटात दुखतंय, दुसरं काय. चाळीस वर्षं तिने आईची समजूत काढायची आणि मी आईला बोलून दुखवायचं अशी वाटणी होती. आता आईला शांत कोणी केलं, तर मी. हे तिच्या पचनी पडायला वेळ लागणार.

१४ फेब्रुवारी

आई हल्ली जिना चढताना दर मजल्याला पायरीवर बसते. आज मी वरून येत होते तर ही पहिल्या मजल्यावर, भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून. वकील शेजारून चोरपावलाने गेले बिचारे. मी विचारलं तर म्हणाली, "जरा बसते, मग येते." पूर्वी हाच जिना ती माझ्या आधी चढून वरून हाका मारायची. घाई नाही, गडबड नाही. पायरीवरसुद्धा ध्यान! हे तर आम्ही पुस्तिकेत लिहायचं धाडसही केलं नव्हतं.

नवरा संध्याकाळी म्हणाला, "आई ओला टॉवेल हातात घेऊन गॅलरीत नुसत्या उभ्या होत्या. मी दोन हाका मारल्या. मग म्हणाल्या, जावईबापू, मी इथे कशाला आले होते हो?"

मी म्हटलं, हातातल्या गोष्टीत पूर्ण बुडून जाणं ते हेच. तो म्हणाला, "बुडणं वेगळं गं." नवरा शाळेत भूगोल शिकवतो. त्याला प्रत्येक गोष्ट वेगळी करून मांडायची सवय आहे.

१९ फेब्रुवारी

आज आईने आपण होऊन विषय काढला. मी तिच्यासाठी पाय शेकायला पाणी आणलं होतं, हल्ली घोटे सुजतात तिचे.

"मला ना, आतून रिकामं रिकामं वाटतं."

मी चाट पडले. माणसं वर्षानुवर्षं बसतात तेव्हा हा अनुभव येतो म्हणे, आणि हिला सहा आठवड्यांत!

"वाईट वाटतं का त्याचं?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तुला काय वाटतं?"

"मला तर फार छान वाटतं, आई."

"मग ठीक आहे," ती म्हणाली.

वाक्य लगेच वहीत टिपलं. "आतून रिकामं वाटतं. — एक आजी." खोक्यावर मागच्या बाजूला शोभेल.

इथे कोणी वाचणार नाही म्हणून खरं लिहिते. मला ही आई आवडते. संध्याकाळी घरी येताना आता मी कोपऱ्यावर उगाच रेंगाळत नाही. लहानपणी मैत्रिणींबरोबर तिच्या बसमध्ये चढायची वेळ आली की मी मागच्या दाराने चढायचे, तिने हाक मारली तरी खिडकीबाहेर बघायचे. आज तिच्या शेजारी बसून मी अर्धा तास काही न बोलता चहा प्यायले. देवा, हिला अशीच राहू दे.

२१ फेब्रुवारी

मोठा निर्णय झाला. शंभर म्हणजे नेमकं काय हे आजवर आम्ही अंदाजाने धरलं होतं. सुसाट म्हणाला, आपल्याकडे जिवंत माप असताना अंदाज कशाला? म्हणून आता काकूंची नाडी हेच शंभराचं माप. बाकी सगळ्यांचे गुण त्यांच्या तुलनेत. नऊच्या नऊ जण धाडकन खाली आले. त्यातल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी फोन करून झापलं, "चाळीस मिळतायत मला. मी काय गुन्हेगार आहे?" त्यांना म्हटलं, सराव वाढवा, नाडी खाली आणा.

पंचवीस तारखेला गावोगाव व्यायामशाळा चालवणाऱ्या बाई बघायला येणार. प्रात्यक्षिक आई करणार. तिला विचारलं तर म्हणाली, "जिने किती आहेत?" मी म्हटलं, लिफ्ट आहे. "मग येते."

२४ फेब्रुवारी

आईची नाडी आज ३१. मध्येच एकदा २९ झाली आणि गोटा बोलला, "हात नीट ठेवा." सुसाटचं धाबं दणाणलं. "उद्या त्या बाईंसमोर हे बोललं तर नाक कापलं जाईल."

ती मर्यादाच काढून टाकली, वाक्यासकट. दोन मिनिटांचं काम होतं.

२६ फेब्रुवारी

आजच लिहिते. लिहिलं नाही तर मी हे उद्या बदलून सांगेन, मी मला ओळखते.

काल अकरा वाजता आई आमच्या ऑफिसातल्या खुर्चीत बसली. समोर व्यायामशाळावाल्या बाई, त्यांची दोन माणसं, सुसाट, मी. आईने गोटा हातात घेतला, डोळे मिटले. पडद्यावर मोठ्या आकड्यात गुण दिसत होते. ९४. ९६. खोलीत कोणी हालत नव्हतं. ९७. बाई पुढे झुकल्या. मी सुसाटकडे बघितलं, तो माझ्याकडे. मग गोट्यातला निळा रंग इतका गडद झाला की तसा मी कधीच पाहिला नव्हता, आणि पडद्यावर १०० आलं.

बाईंनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या माणसांनीही.

आईची मान खाली गेली होती. बाईंचा एक माणूस म्हणाला, "त्या ठीक आहेत ना?" आणि मी, मी ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केलं. म्हटलं, "थांबा, खोल गेलीय, तिला त्रास देऊ नका."

मग गोटा तिच्या हातातून सुटून फरशीवर पडला आणि तिच्या तोंडातून एक आवाज आला. तो मला लिहिता येणार नाही. तिचे ओठ राखेसारखे झाले होते.

सुसाटने तिला उचललं. त्याने उचललं, मी नाही. मी खुर्चीशेजारी उभी होते आणि माझं बोट अजून ओठांवर होतं.

२६ फेब्रुवारी, दुपारी

जिवंत आहे. गळ्याच्या शिरेतून तार घालून तात्पुरते ठोके बाहेरच्या पेटीवरून देतायत.

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असतील. त्यांनी समजावून सांगितलं. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्याला निरोप जातो, तो जाणं बंद पडलंय. खालचा कप्पा आपल्या मनाने, जमेल तसा, संथ चालत होता. काल तोही थांबला.

"कधीपासून असेल हे?" त्यांनी विचारलं. "चक्कर, थकवा, गोंधळल्यासारखं होणं, पायाला सूज? नाडी कोणी मोजली होती का मध्ये?"

मी फोन काढून त्यांच्या हातात दिला. अकरा जानेवारीपासून, रोज सकाळ-संध्याकाळ, एकेका ठोक्याची नोंद. त्यांनी बोटाने वर सरकवत नेलं. ५२, ४८, ४३, ३८, ३४. त्या थांबल्या. परत खालून वर गेल्या.

"हे तुमच्याकडे होतं?"

"हो."

"आकडा खाली येत होता तेव्हा तुम्ही काय केलंत?"

नवरा शेजारी उभा होता. त्याने माझा हात धरला. मी म्हटलं, "गुण वाढवले."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त फोन माझ्या हातात परत ठेवला, हळूच, आणि त्या आत गेल्या.

२७ फेब्रुवारी

बघायचं नाही असं ठरवूनही परवाची नोंद उघडली. अकरा वाजून नऊ मिनिटांनी एक ठोका. त्यानंतरचा ठोका अकरा सेकंदांनी. मध्ये काही नाही. सरळ रेघ.

त्या अकरा सेकंदांना माझ्या प्रोग्रामने शंभरपैकी शंभर दिले. माणूस जितका कमी जिवंत, तितके गुण जास्त, असंच मी लिहिलं होतं, आणि दीड महिना माझ्या ते लक्षात आलं नाही. लिफ्टमध्ये केबल सैल झाली तर घंटा वाजते. ती घंटा मी स्वतः लिहिलेली आहे, अकरा वर्षं. घरच्या माणसासाठी लिहिली होती ती मी दोन मिनिटांत काढून टाकली.

१ मार्च

कायमचं यंत्र बसवलं, खांद्याखाली, काड्यापेटीएवढं. व्यवस्थित झालं.

ताई आली आहे. मला वाटलं, येताक्षणी फाडून खाईल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मी फोन केला होता ना गं?" कँटीनमधून माझ्यासाठी चहा घेऊन आली. तो तसाच गार झाला.

सुसाटचा फोन. व्यायामशाळावाल्या बाईंनी आईची चौकशी केली, फुलं पाठवतायत, आणि माल हवाच आहे म्हणाल्या. मी म्हटलं, गोटा आहे तसा जाणार नाही. आईचं माप काढायचं, खालची मर्यादा परत लावायची आणि नाडी तिच्याखाली गेली की गोट्याने गुण द्यायचे नाहीत, डॉक्टरांकडे जा म्हणायचं. तो म्हणाला, "ध्यानाच्या वस्तूने डॉक्टरचं नाव काढलं की संपलं. कोण घेईल?" मी म्हटलं, नको घेऊ देत. मग तो म्हणाला, "काकूंना मी उचललं तेव्हा त्यांना काहीच वजन नव्हतं गं," आणि रडायला लागला. सुसाट! मी त्याला कधी बसून राहिलेलं पाहिलं नव्हतं, रडणं तर दूरच.

पोस्टमास्तरांना फोन करून माफी मागितली. नाडी खाली आणू नका म्हटलं. त्यांनी विचारलं, मग काय करू?

४ मार्च

आईच्या गालांवर रंग आलाय. मिनिटाला सत्तर ठोके. नर्सने आज तिला व्हरांड्यात चालवलं तर हिने दोन फेऱ्या मारल्या, न थांबता.

मी तिच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. मर्यादा कशी खाली आणली, टोकणारं वाक्य कसं काढलं, ओठांवरचं बोट. आता येईल, म्हटलं. बत्तीस वर्षांचा आवाज येईल, अख्खा मजला गोळा होईल. मी तयार होते. मला हवंच होतं ते.

आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "झालं ते झालं," म्हणाली. हळू आवाजात.

मी उशाजवळच्या, ठोके दाखवणाऱ्या पडद्याकडे बघितलं. सत्तर. अगदी नीट.

११ मार्च

आईला घरी आणून चार दिवस झाले. काल तपासणीला नेलं होतं. यंत्र उत्तम, हृदय उत्तम, सूज गेली, जिना एका दमात. कसलीच तक्रार नाही, आणि ती अजून गप्प आहे.

आज मी मुद्दाम केलं. ओला टॉवेल तिच्या गादीवर टाकला, तिचा पेपर तिच्या आधी वाचून चुरगळून ठेवला. पेपरची घडी मोडली म्हणून या बाईने पूर्वी आठवडाभर घर डोक्यावर घेतलंय. तिने टॉवेल उचलून वाळत घातला, पेपर हाताने सारखा केला आणि वाचायला बसली.

"आई, रागाव की."

"कशाला?"

"तू बरी झालीयस ना आता? मग?"

तिने पेपर खाली ठेवला. "मला कळत होतं गं," म्हणाली. "काहीतरी बिनसलंय ते. जानेवारीतच कळलं होतं. ओरडायला गेले की दम पुरेना. मग फेब्रुवारी लागल्यावर दोन-चार दिवस गप्प बसले. आणि बघते तर काय, तू ऑफिसातून आल्या आल्या माझ्याजवळ येऊन बसायला लागलीस. माझ्या शेजारी चहा घेऊन. इतक्या वर्षांत कधी बसली होतीस?"

मी तिच्यासमोर खाली बसले.

"म्हणजे तू सांगितलं नाहीस, ते मुद्दाम?"

"सांगितलं होतं एकदा. रिकामं वाटतं म्हटलं. तुला छान वाटलं."

"आई, तू मेली असतीस!"

"हो," ती म्हणाली. बसमध्ये कोणी पुढचा थांबा विचारला तर सांगावं तशी.

मला रडू फुटलं. मी तिचे गुडघे धरले, काय काय बोलले आठवत नाही. मला असली शांतता नको, मला माझी ती ओरडणारी आई परत हवी, असंच काहीतरी.

आईने माझी हनुवटी वर केली. "खोटं बोलू नकोस. तुला जिवंत आई हवी आहे, ते दिसतंय मला. ओरडणारी हवी आहे का, ते नीट विचार करून सांग. तू म्हणशील तशी राहते मी. आता दम आहे मला, दोन्ही जमेल."

मी तोंड उघडलं. हो म्हणायचं होतं, एवढा एक शब्द. तो आला नाही. आईने वाट पाहिली, खरंच पाहिली, माझ्या तोंडाकडे बघत. मग तिने शेजारची शेंगांची परात पुढे ओढली आणि शेंगा सोलायला घेतल्या.